बंद पाकीट आणि उघडे घर

पत्र बंद पाकिटात असले, तरी पोस्टमनला पुष्कळ काही कळते. ते कोठून आले, किती जाड आहे, महिन्यातून किती वेळा येते आणि केव्हापासून येईनासे झाले, हे समजायला पाकीट फोडावे लागत नाही. ‘स्मार्ट होम’ म्हणून आज ज्या घरांचे कौतुक चालले आहे, त्यांची गोष्ट नेमकी अशीच आहे.

अशा घरात दिवे, कॅमेरा, बोलका स्पीकर, सारे इंटरनेटला जोडलेले असते. संदेश सांकेतिक रूपात जातात, ते कोणी वाचू शकत नाही, असे विक्रेते सांगतात. ते पुष्कळसे खरेही आहे. पण कोणत्या सर्व्हरकडे, किती वाजता, किती माहिती गेली, एवढे इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसतेच. तेवढे पुरते का? अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या नोआ ॲपथॉर्प, डिलन रीसमन आणि निक फीमस्टर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चार उपकरणे तपासली. एकही संदेश न उलगडता, केवळ माहितीच्या चढउतारावरून त्यांना झोपेची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा मालक केव्हा निजला, रात्री केव्हा उठला, हे ओळखता आले. विजेचे बटण केव्हा दाबले, स्पीकरला प्रश्न केव्हा विचारला, कॅमेऱ्यापुढे केव्हा हालचाल झाली, हेही कळले.

कोणी म्हणेल, “यात लपवण्यासारखे काय आहे? खेड्यात तर सगळ्यांचे सगळ्यांना ठाऊक असते!” खरे आहे. आजीच्या काळी एखाद्या घरातून चुलीचा धूर निघाला नाही, तर शेजारीण विचारायला येई. पण त्या शेजारणीच्या घरचेही आपल्याला माहीत असे. तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याला आपली झोप-जाग कळते, आपल्याला मात्र त्याचे नावही ठाऊक नसते. आणि धूर दिसला नाही म्हणून तो धावून येत नाही.

मित्रहो, माझा खरा प्रश्न पुढेच आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझी आई चार घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करते. त्यांतल्या एका घरी स्वयंपाकघरात कॅमेरा आहे. मालक-मालकीण कामावर गेल्यावर भर दुपारी त्या घरातून जी हालचाल तारेवरून बाहेर जाते, ती माझ्या आईची असते. ती केव्हा आली, केव्हा गेली, मध्ये किती वेळ बसली, त्याचा माग तिच्या संमतीवाचून उमटतो. उपकरण घेणाऱ्याने निदान ‘मान्य आहे’ असे बटण दाबलेले असते. आईला कोणी विचारले? त्या घरातल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना तरी कोणी विचारले?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. राज्यशास्त्राच्या तासाला हे ऐकताना अभिमान वाटतो. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे मोलकरणीच्या वाट्याला तो हक्क यायचा कसा?

यावर तांत्रिक उपाय आहेत. खोटे संदेश मिसळून चढउतार झाकता येतो, हे त्याच संशोधकांनी पुढे दाखवले. त्यासाठी थोडी जास्त माहिती पाठवावी लागते, इतकेच. हा खर्च उपकरण बनवणाऱ्यांनी सोसावा आणि तसे कायद्याने बंधन घालावे, असे माझे मत आहे. पण एक उपाय बिनखर्चाचा आहे. ज्या घरात असे यंत्र बसेल, त्या घरात राहणाऱ्या आणि राबणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगावे, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. घर चार भिंतींच्या मालकाचे असेल. त्यात घालवलेली दुपार ज्याची त्याची असते.

— द्वितीय वर्ष, कला