उन्हाळी डॉग ट्रेक: पूर्ण दिवस विकू नका, सकाळचे अडीच तास विका



पाळीव प्राण्यांच्या धंद्यावर बोलायला लागलो की एक आयडिया हमखास पुढे येते. शहरातल्या लोकांना त्यांच्या कुत्र्यांसकट गावाकडे न्यायचं, माळरानावरून, शेताच्या बांधावरून लांब फिरवून आणायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. सीझन कुठला? तर एप्रिल-मे, कारण शाळांना सुट्टी असते. आयडिया चांगलीच आहे. भांडवल कमी लागतं आणि फ्लॅटमधलं कुत्रं मोकळ्या हवेत आलं की मालक खूश. पण 'सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, जेवणासकट' असं जे पॅकेज बनवलं जातं, त्याला माझा साफ विरोध आहे.

का ते सांगतो. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या गादीला येतो. बाकी बरीचशी उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. म्हणजे हवा दमट असेल तर धापा टाकूनही फायदा कमी. म्हणून कोकणातले ३३ अंश कुत्र्याला देशावरच्या कोरड्या ३६ पेक्षाही जड जाऊ शकतात. नुसतं मोबाइलवर तापमान बघून ट्रेक ठरवू नका.

त्यात जमीन. हवा ३५ अंश असताना उन्हातलं डांबर पन्नाशीच्या पुढे जातं. आपल्या पायात बूट असतात, त्याच्या नसतात. साधी टेस्ट आहे: हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. चटका बसला तर ट्रेक संपला.

इथे कुणीतरी म्हणणारच, 'अहो, गावातली कुत्री दिवसभर उन्हातच असतात की!' नसतात. दुपारी बारा वाजता गावात चक्कर मारून बघा. ती ट्रॅक्टरखाली, रांजणाजवळच्या ओल्या मातीत, नाहीतर पाराच्या सावलीत पडलेली असतात. धनगरांचे कळप बघा, उन्हाच्या वेळी मेंढरंही झाडाखाली आणि कुत्रीही झाडाखाली. गावठी कुत्र्याला थांबायचं स्वातंत्र्य आहे. पट्ट्यातल्या कुत्र्याला ते नाही. मालक चालतोय तोवर ते मागे चालत राहतं, अगदी कोसळेपर्यंत. तुमचा खरा ग्राहक 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून ते तुम्हाला म्हणावं लागतं. या धंद्याचं सगळं मर्म इथे आहे.

मग विकायचं काय? सकाळी सहा ते साडेआठ. चार-पाच किलोमीटर, मध्ये दोनदा पाणी, शेवटी झाडाखाली नाश्ता. आता कोणी म्हणेल, अजून लवकर पहाटे पाचला निघू. नको. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रं त्याचं आवडतं सावज आहे. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, उसाच्या कडेने जायचं नाही.

रूट आधी स्वतः चालून बघा. सासवडच्या बाजूचं माळरान दिसायला मोकळं असतं, पण या दिवसांत टिटवी तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालते. कोल्हे, लांडगे आहेत, त्यांना आपल्या कुत्र्यांचे आजार लागू शकतात. पट्टा कायम हातात हवा. अभयारण्यात तर कुत्रं न्यायचंच नाही. सिमेंटच्या कालव्यापासून लांब राहा. गरम झालेलं कुत्रं पाण्यात उडी मारतं आणि उभ्या गुळगुळीत काठावरून त्याला वर येता येत नाही. ज्याच्या बांधावरून जाणार त्या शेतकऱ्याला आधी विचारा आणि त्याच्याकडूनच नाश्ता घ्या. चार पैसे त्यालाही मिळाले की पुढच्या वेळी तोच तुमची वाट बघेल.

आता हिशोब. समजा सहा कुत्री, प्रत्येकी ७०० रुपये. जमा ४,२०० रुपये. मालक आपापल्या गाडीने येतात. मदतनीस ८००, नाश्ता ९००, जागेचे ४००, पाणी-टॉवेल-प्रथमोपचार ३००. खर्च २,४०० रुपये. हातात उरले १,८००. आठवड्याला दोन सकाळी धरल्या तर बारा आठवड्यांत ४३,२०० रुपये, आणि नऊला तुम्ही मोकळे. म्हणजे दुकान किंवा नोकरी सांभाळून होणारा धंदा.

पूर्ण दिवसाला १,५०० रुपये घेऊन दहा कुत्री नेली तर आकडा मोठा दिसतो, मान्य. पण दुपारी दोनला माळावर एक कुत्रं आडवं झालं, जवळ जनावरांचा डॉक्टर नाही, आणि मालकाची मुलगी शेजारी रडतेय, याचा हिशोब कुठल्या वहीत मांडणार? ही माणसं सोसायटीच्या ग्रुपवर एकमेकांना सांगूनच तुमच्याकडे आलेली असतात. जातानाही तशीच जातात, एकदम सगळी.

म्हणून बुकिंग घेतानाच नियम लावा. पग, बुलडॉग, शीत्झू अशी चपट्या तोंडाची कुत्री उन्हाळ्यात घ्यायची नाहीत, कारण त्यांना धापाच नीट टाकता येत नाहीत. म्हातारं, जाड, आजारी कुत्रं नाही. रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय कुणीच नाही. घरी गेल्यावर कानामागे, बोटांच्या मध्ये गोचीड शोधायला मालकाला सांगा. जवळच्या डॉक्टरचा नंबर आणि तो सकाळी असतो का, हे आधी विचारून ठेवा.

आणि लक्षणं पाठ करा: धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक, चाल अडखळती. दिसलं की तिथेच सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडे निघा. 'थोडं बसेल, बरं होईल' म्हणत थांबायचं नाही.

पगवाल्या ताईंना तुम्ही 'आत्ता नको, डिसेंबरमध्ये या' म्हणालात तर ७०० रुपये जातील. पण त्या चार जणींना सांगतील की हा माणूस पैशासाठी कुत्र्याला उन्हात नेत नाही. नव्या धंद्याला याच्याहून स्वस्त जाहिरात मला तरी माहीत नाही.

तर, पहिलं काम: या रविवारी एकही ग्राहक न घेता तो रूट सहा ते साडेआठ स्वतः चाला. सावली कुठे, पाणी कुठे, गाडी कुठपर्यंत येते, वहीत लिहा. रेटकार्ड त्यानंतर.