आक्काची सही



जानेवारी महिना आम्हा कारकुनांच्या मानगुटीवर बसलेला असतो. सुधारित अंदाजपत्रकाचे तक्ते, आयकरासाठी प्रत्येकाच्या गुंतवणुकीचे पुरावे, त्यात साहेबांची घाई. तरी शनिवार-रविवार साधून आम्ही गावी, खटाव तालुक्यात, जाऊन आलो. थंडी कडाक्याची. शाळू हुरड्याला आलेला. गेल्या गेल्या आक्काने शेकोटीपाशी बसवले आणि अर्धवट विणलेली बाही आमच्या हाताला लावून पाहिली.

आक्का म्हणजे आमची थोरली बहीण. वय ५८. वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि काही महिन्यांत आमचे बिऱ्हाड गावी परतले. आक्का तेव्हा नववीत होती. कामगार कल्याण केंद्रात शिकलेले विणकाम तेवढे तिच्याबरोबर आले, शाळा मागे राहिली. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. आमच्या बी.कॉम.ची फी त्या खुरप्यावर भरली गेली. हे आम्ही भाषणात कधी सांगत नाही. पुढे भावजी कालकथित झाले, तेव्हापासून ती माहेरीच आहे. रान तीच पाहते, दोन शेळ्या पाळते आणि संध्याकाळी सुया घेऊन बसते. १० नंबरच्या सुयांवर काठ, ८ नंबरवर अंग. लहान पोराच्या स्वेटरची मजुरी ३०० रुपये, लोकर गिऱ्हाइकाची. बाजारात यंत्राचा स्वेटर त्याहून स्वस्त मिळतो, पण आक्काचा स्वेटर मोठ्याचा धाकट्याला होतो, म्हणून बाया अजून येतात.

आमच्या वाट्याचे रान ३६ गुंठे. मूळ वतनाचे. वतनाच्या त्या गुलामीतून आपल्याला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल मांडले होते. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. आजोबांच्या नावावर रान कायम झाले, ते भोगवटादार वर्ग २ म्हणून. म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. वडिलांच्या पश्चात वारस नोंद झाली, आम्हा तिघा भावंडांची नावे सात-बारावर आली. धाकट्याचे म्हणणे असे की, नावे जास्त झाली की कर्जाला, वाटपाला, प्रत्येक कामाला सगळ्यांच्या सह्या लागतात. आक्काचे हक्कसोडपत्र करून घेऊ. तिला कोण टाकून देणार आहे?

आता आमची कबुली. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला आम्ही विहारात बोललो. विषय हिंदू कोड बिल. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यामागे हे बिल रखडवले जाण्याचे दुःखही होते, हे सांगितले. १९५६ चा वारसा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क वाढवला, हेही सांगितले. टाळ्या मिळाल्या. आणि पुढच्याच शनिवारी एस.टी.त बसलो तेव्हा आमच्या पिशवीत हक्कसोडपत्राचा मसुदा होता. जेवणाच्या सुट्टीत आम्हीच टाईप केलेला. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

रात्री जेवणे झाल्यावर कागद काढला. आक्का टाके मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "काय लिवलंय ते वाच की."

आम्ही वाचले. "मी माझ्या स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता..."

"थांब. स्वखुशी कुनाची?"

"तुझी, आक्का."

"मग ती मला न इचारता तू लिवलीस कशी?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी काय बारा गुंठं उचलून न्येनार हाय व्हय? पन नाव ऱ्हाऊ दे. उद्या भावजयांचं राज्य आलं तर ह्या घरात मी कोन?"

बारा गुंठे. आम्ही आकडेमोड करणारी माणसे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मुंबईत आमची खोली १८० चौरस फुटांची आणि तिच्या कागदावर आम्ही कोणाला नाव लावू देऊ? कागद पिशवीत परत ठेवला. आक्का बाहीचे टाके पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. बोलण्याच्या नादात चुकले होते म्हणे.

भगिनींनो, तुमच्यापुढे असा कागद आला तर आधी मोठ्याने वाचून घ्या. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदवले गेले की मागे घेणे फार अवघड असते. भाऊ नोकरदार आणि चळवळीतला असला तरीही वाचून घ्या. वडील गेल्यावर वारस नोंदीत आपले नाव लागले की नाही, तेही तलाठ्याकडून फेरफार काढून पाहा.

धाकटा आमच्यावर नाराज आहे. दोनदा फोन केला, उचलला नाही. पुढच्या महिन्यात शाळूच्या काढणीला दोघांनाही जायचे आहे, माणसे मिळत नाहीत. आक्काने निरोप धाडला आहे की, येताना राखाडी लोकरीचे दोन गुंडे आणा, धाकट्याचाही स्वेटर घालायचा आहे.