बोधचिन्हाला बक्षीस, अर्जाला वाली नाही

शासनाला चित्राची भाषा कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५८ साली भारत सरकारने चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याकडून अहवाल घेतला आणि १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण निरक्षरांपर्यंतही पोचला. मग आज योजनेचा साधा अर्ज सुशिक्षितालाही का अडवतो?

कारण डिझाइन ही आपण शोभेची बाब ठरवली आहे. रुपयाचे चिन्ह (२०१०) स्पर्धेतून आले. स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्हही (२०१४) स्पर्धेतूनच आले, ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे. दोन्ही उत्तम आहेत. परंतु एकाला बक्षीस आणि बाकी सर्वांचे श्रम फुकट, हा न्याय आपण वकिलांना लावतो का? शिवाय स्पर्धेतून चिन्ह मिळते, सुबोध अर्ज मिळत नाही. तो माणसांसमोर ठेवून, चुका पाहून, पुन्हा पुन्हा घडवावा लागतो.

हे काम करणारे लोक आहेत. आपले कौशल्य केवळ जाहिरातींवर न दवडता सूचनाफलक, शैक्षणिक साधने यांसारख्या उपयुक्त कामांना द्यावे, असा जाहीरनामा केन गार्लंड यांनी १९६४ मध्ये लंडनमध्ये काढला. त्याच वृत्तीचे छोटे, स्वतंत्र स्टुडिओ आपल्याकडेही आहेत. अर्ज भरणारी बाई नेमक्या कोणत्या रकान्यापाशी थांबते, हे ते आधी पाहतात आणि मग कागदाला हात लावतात. निविदेत मात्र मोठी उलाढाल, अनामत रक्कम आणि शेवटी सर्वांत कमी दर! साहजिकच काम छपाईवाल्याकडे जाते आणि तो जुन्याच चौकटीत नवे रकाने कोंबतो.

यावर लेखापरीक्षणाची भीती पुढे केली जाते. ती मला पटत नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १९२ सल्लासेवांची निवड करताना गुणवत्ता व दर दोन्ही तोलू देतो. गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत भार देता येतो. म्हणजे आड येतो तो नियम नव्हे, सवय.

माझी मागणी लहान आहे. कोणताही नवा अर्ज छापण्यापूर्वी तो पन्नास सामान्य नागरिकांकडून भरून घ्यावा, अडलेल्या जागा दुरुस्त कराव्यात आणि हे काम जाणत्या स्टुडिओला योग्य मोबदला देऊन सोपवावे. हा खर्च सजावटीवरचा नाही. न समजलेल्या अर्जामुळे हक्काच्या लाभाला मुकणाऱ्या माणसापुढे तो क्षुल्लक आहे.