खेळाचा संगणक आणि घरची ऐपत

ज्या घरांत तीनचार बंधूंचा संसार एका चुलीवर चालतो, त्या घरांत एका मुलाचा हट्ट हा त्या एकट्याचा राहत नाहीं. एकास सायकल मिळाली कीं दुसऱ्याचे डोळे तिच्यावर खिळतात, आणि वडील माणसांस वस्तूच्या किंमतीहून न्यायाची चिंता अधिक पडते. पूर्वीं हा प्रश्न सायकलीचा किंवा मनगटी घड्याळाचा असे. हल्लीं तो 'गेमिंग काँप्युटर'चा झाला आहे. आमच्या जिंतुरासारख्या तालुक्याच्या गांवींही सोळा वर्षांचा मुलगा कोणतें ग्राफिक्स कार्ड हवें हें तोंडपाठ सांगतो, आणि आजोबा व चुलते मात्र तें कार्ड म्हणजे काय ह्याच विचारांत असतात. मग जें समजत नाहीं त्यास सरसकट 'नको' म्हणावयाचें, नाहीं तर डोळे मिटून पैसे मोजावयाचे, असे दोनच मार्ग उरतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग आळसाचे आहेत. घरांतील मोठ्यांनीं तें यंत्र अगोदर थोडें समजून घ्यावें व मगच निवाडा द्यावा, हा तिसरा मार्ग. त्याचाच विचार ह्या महिन्यांत करूं.

खेळाचा संगणक म्हणून कांहीं निराळी जात नाहीं. मुलांच्या अभ्यासास किंवा रेल्वेचीं तिकिटें काढण्यास जो संगणक घरीं असतो, त्यांत व ह्यांत अंगें तींच. प्रमाण मात्र वेगळें. हिशेब करणारा प्रोसेसर, चालू कामाची सामग्री हाताशीं ठेवणारी रॅम, कायमचा सांठा करणारी डिस्क, सर्वांस जोडणारा मदरबोर्ड, वीज पुरविणारा एसएमपीएस आणि चित्र काढणारें ग्राफिक्स कार्ड, अशीं हीं सहा अंगें. खेळांत मुख्य भार पडतो तो शेवटच्या अंगावर. तो किती, हें साध्या गुणाकारानें पाहावें. नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्राचे २०,७३,६०० ठिपके झाले. खेळ डोळ्यांस सुरळीत दिसावयाचा तर असें चित्र सेकंदास साठ वेळां नव्यानें काढावें लागतें. एका सेकंदांत बारा कोटी चव्वेचाळीस लक्ष सोळा हजार ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा! एकटा कारकून कितीही हुशार असला तरी त्यास हें साधावयाचें नाहीं. तेथें साधा हिशेब करणारे पुष्कळ उमेदवार एकदम बसवावे लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा उमेदवारांची कचेरीच होय. २०२१ सालीं निघालेल्या रेडियन आरएक्स ६६०० ह्या मध्यम प्रतीच्या कार्डांत असे १७९२ हिशेबनीस एकाच वेळीं राबत असतात.

पुष्कळ लहान यंत्रें जोडून मोठें काम उरकण्याची ही युक्ति महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत आपल्या देशास हवा त्या सामर्थ्याचा क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेनें आढेवेढे घेतले. तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. एकच अवाढव्य यंत्र घडविण्याऐवजीं 'ट्रान्सप्यूटर' नांवाचे लहान प्रोसेसर एकमेकांस जोडून तो रचला होता. घरची जुळणी त्या मानानें अगदीं किरकोळ. पण आहे त्या सामग्रीचा धर्म ओळखून काम साधावें, हा धडा दोन्हींकडे एकच आहे.

आमच्या परिचयाच्या जिंतुरांतील एका कुटुंबानें हा धडा गेल्या वर्षींच्या उन्हाळ्यांत कसा गिरविला, तें सांगण्यासारखें आहे. तीन भाऊ, त्यांच्या मातोश्री, तीन सुना व पांच मुलें असें तें भरलें घर. धाकट्याच्या मुलानें दहावीच्या चांगल्या गुणांचें बक्षीस म्हणून नवा गेमिंग संगणक मागितला. त्यानें स्वतः केलेली यादी ९५,००० रुपयांची होती. त्याच वर्षीं थोरल्याच्या मुलीस बारावीनंतर शिक्षणासाठीं परगांवीं ठेवावयाचें होतें, आणि त्याकरितां सर्वांनीं मिळून रक्कम बाजूस काढली होती. धाकट्यानें हप्त्यांनीं संगणक आणण्याचें मनांत घेतलें. थोरल्यास तें रुचलें नाहीं. तीनचार दिवस जेवणाच्या पंगतींत कोणी कोणाशीं धड बोलेना. शेवटीं थोरल्या सूनबाईंनीं पुतण्यास हांक मारली व म्हणाल्या, "अरे, आहे त्या काँप्युटरांत उणें काय आहे तें आधीं मला दाखव पाहूं, नव्याचें मग बोलूं."

ह्या एका वाक्यानें वादाचा ओघच फिरला. घरचा संगणक २०१९ सालीं घेतलेला: रायझेन ३ ३२०० जी प्रोसेसर, बी ४५० जातीचा मदरबोर्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी व एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. मुलानें बाजूचें पत्र्याचें झांकण काढलें, तों आंतल्या पंख्यावर सहा वर्षांची धूळ गोधडीसारखी बसलेली! ती मऊ ब्रशानें झाडतांच यंत्राची घरघर निम्मी झाली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेथें वारा कोंडलेलें यंत्र स्वतःच्या रक्षणासाठीं वेग कमी करतें, आणि आपण तें जुनें झालें असें समजतों. हा पहिला उपाय बिनपैशाचा होता.

मग भाऊबहिणींनीं मिळून वहींत तक्ता मांडला: अंग, दोष, उपाय व खर्च. त्यांत असें दिसलें कीं, संगणक चालू होण्यास लागणारा वेळ हा डिस्कचा दोष. फिरती डिस्क सेकंदास शंभरदीडशें एमबी वाचते. साधी साटा एसएसडी पांचशेंच्या वर जाते. रॅमच्या एका पट्टीमुळें ये-जा करण्यास एकच वाट होती. तशीच दुसरी पट्टी जोडली तर वाटा दोन होतात. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, निनांवी. त्याच्यावर नव्या कार्डाचा भार टाकणें धोक्याचें. आणि चित्रासाठीं निराळें कार्ड नव्हतेंच.

मुलाच्या यादींत चाळीस हजारांचें ग्राफिक्स कार्ड होतें. तेथें आजींनीं दिलेला दृष्टांत आम्हांस फार मार्मिक वाटला. त्या म्हणाल्या, "मोटेचे बैल कितीही जोमाचे आणले, तरी पाट अरुंद असला तर पाणी मळ्यास पोंचत नाहीं, बांधावरूनच वाहून जातें." संगणकाचें अगदीं तसेंच आहे. चार गाभ्यांचा तो प्रोसेसर चाळीस हजारांच्या कार्डास पुरेसें काम पुरवूं शकला नसता, आणि दिलेला पैसा रिकामा बसला असता. म्हणून वर सांगितलेलें आरएक्स ६६०० पसंत ठरलें. त्यास १३२ वॅट वीज लागते. तेव्हां '८० प्लस' हें चिन्ह असलेला ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घेतला. एसएसडी, रॅमची दुसरी पट्टी, एसएमपीएस व कार्ड मिळून खर्च ३२,००० रुपयांच्या आंत झाला. प्रोसेसर पुढील वर्षावर टाकला. तोही बदलण्याजोगा आहे, कारण २०१७ सालीं रायझेनबरोबर प्रचारांत आलेल्या 'एएम ४' ह्या बैठकीवर, मदरबोर्डाचें बायॉस नवें करून घेतल्यास, २०२२ सालचा रायझेन ५ ५६०० देखील बसतो. नवें घेतांना पुढें काय बदलतां येईल हें पाहणें, म्हणजे भिंत बांधतांना वरच्या मजल्याचा विचार करणें होय.

सामान छत्रपती संभाजीनगराहून आणलें, आणि जुळणी परभणीच्या एका कारागिराच्या देखरेखीखालीं दोन्ही मुलांनीं आपल्या हातांनीं केली. आमच्या तालुक्यांतील चारठाण्याचीं जुनीं हेमाडपंती देवळें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस ठाऊक असेल, कीं तेथें दगडावर दगड चुन्यावांचून बसविले आहेत. प्रत्येक दगड आपल्या जागेच्या मापानें घडलेला. संगणकाच्या भागांसही तशाच खांचा असतात. भाग बसत नसेल तर जोर करावयाचा नाहीं, दिशा चुकली असें समजावयाचें. वीज बंद करून, अंगांतील विद्युद्भार उतरावा म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून, मगच भागांस स्पर्श करावा. रॅमच्या चार खांचांपैकीं प्रोसेसरापासून दुसरी व चवथी ह्यांत पट्ट्या बसवावयाच्या, हें मुलीनें मदरबोर्डाची पुस्तिका वाचून काढलें. भाऊ तर शेजारच्या दोन खांचांत त्या घालून मोकळा झाला होता.

विजेविषयींही एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. पूर्णेवरील येलदरी धरणाचें वीजघर आमच्याच तालुक्यांत असलें, तरी घरोघरीं विजेचा दाब सारखा राहतो असें नाहीं. तेव्हां चांगलें अर्थिंग व एक यूपीएस हे ह्या खर्चांत आधींच धरावे. बिलाची भीति मात्र अवास्तव आहे: खेळतांना यंत्र अडीचशें वॅट घेतें असें धरलें व रोज दोन तास तें चाललें, तर महिन्यास पंधरा युनिट होतात.

जुनीं कार्डें स्वस्त मिळतात म्हणून पुष्कळ जण मोहांत पडतात. २०२२ च्या सप्टेंबरांत इथीरियम ह्या आभासी चलनाची पद्धत बदलली, तोंवर असंख्य कार्डें त्या चलनाच्या 'खाणकामांत' रात्रंदिवस राबविलीं गेलीं होतीं. असें कार्ड घेतांना बिल व उरलेली हमी पाहावी, आणि समोर तासभर चालवून घ्यावें. रॅमचेही तसेंच, २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामास तिची मागणी वाढून भाव भडकले, म्हणून घरांतील चांगली पट्टी भंगारांत देऊं नये. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. जें यंत्र विंडोज ११ घेऊं शकत नाहीं, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स घालून अभ्यासाचें काम उत्तम चालतें.

आतां खेळाविषयीं. खेळ वाईट नव्हे. पण पण लावून खेळणें वाईट, हें द्यूतसभेची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या समाजास निराळें शिकवावयास नको. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर कायद्यानें बंदी घातली, तें योग्यच झालें. पण कायदा वेशीपाशीं उभा असतो, माजघरांत येत नाहीं. त्या कुटुंबानें म्हणूनच संगणक मुलाच्या खोलींत न नेतां माजघरांतच ठेवला. संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून आहे: उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंत व बाहेर दोहींकडे उजेड देतो. तसा हा एकच संगणक दिवसा बहिणीच्या अभ्यासास व रात्रीं दोन तास भावाच्या खेळास उपयोगीं पडला. आणि जूनअखेर ती परगांवीं गेली तेव्हां तिच्या नांवची रक्कम जशीच्या तशी शिल्लक होती.

असो. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा हट्ट चालू असेल, त्यांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं मुलास एक कोरी वही द्यावी, आणि आहे त्या यंत्राचे दोष क्रमानें लिहून आणण्यास सांगावें. ज्यास दोष सांगतां येत नाहीं, त्यास अजून नव्या यंत्राची गरज नाहीं. ज्यानें ते नेमके सांगितले, त्यास मात्र पैसे द्यावे. तो अर्ध्याहून कमी खर्चांत काम करून दाखवील, आणि पुढच्या वर्षीं शेजाऱ्याचा बिघडलेला संगणकही तोच उघडून पाहील.