खुर्द्याची नावे

पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती सराफी भाषेत. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर एका सावकाराचा कासीद पत्र घेऊन दक्षिणेकडे निघाला होता. उत्तरेकडे कूच करणाऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती ते पत्र पडले. पत्रात माणसे नव्हतीच. मोती होते, मोहरा होत्या, नाणी होती. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे उलगडून सांगायला कोणी लागले नसेल. मोहरा सत्तावीस, त्याही मोजून दिलेल्या. रुपये आणि खुर्दा किती गेला याचा मात्र हिशेब लागत नाही, असे कळवून सावकार मोकळा झाला.

हे पत्र मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. वाचणारा मोत्यांपाशी हळहळतो, मोहरांपाशी सुस्कारा टाकतो आणि खुर्द्यावरून पुढे सरकतो. पण पानिपतावर पडलेल्यांत खुर्दाच फार होता. गावोगावचे बारगीर, शिलेदार, हुजरे आणि मोतद्दार गेले, बाजारबुणगे गेले. त्यांच्या घरी सांगावा कधी पोहोचला, कोणी पोहोचवला आणि कित्येकींनी किती वर्षे वाट पाहून मग कुंकू पुसले, याची नोंद कुठल्या बखरीत नाही.

युद्धातल्या मृतांची आठवण कशी ठेवतात हे पाहायचे, तर या खुर्द्यापाशीच थांबायला हवे. मोत्यांची काळजी इतिहास घेतोच.

मराठी मुलखाने त्यावर एक उत्तर फार पूर्वी शोधले होते. वीरगळ. गावाच्या वेशीवर, महादेवाच्या देवळामागे किंवा मारुतीच्या पारावर हे दगड अजून उभे आहेत. तळाच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर गावात असे काही वीरगळ आहेत. त्यांत चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे: उंच नाळेची जहाजे, एका रांगेत बसलेले वल्हेकरी आणि समोर शत्रूची गलबते. शिल्पकाराने वल्ही एकेक करून कोरली आहेत. ती वल्ही धरणाऱ्यांची नावे मात्र त्याने लिहिलेली नाहीत.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसते. ज्या गावासाठी दगड उभा केला त्या गावाला तो कोणाचा हे माहीत होते, लिहायची गरज नव्हती. चार पिढ्या गेल्या, नाव विसरले, दगडाचा देव झाला. आज त्याला शेंदूर आहे, नारळ आहे, पण तो कोण होता हे गावातल्या म्हाताऱ्यालाही सांगता येत नाही.

नाव लिहिले तर काय होते, याचे उदाहरण पुण्याहून तासाभरावर आहे. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई संपल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने भीमेकाठी स्तंभ उभारला. कंपनीला आपल्या पराक्रमाची जाहिरात करायची होती, त्यात आडपडदा काहीच नव्हता. पण स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. हे महार शिपाई होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत काढून ब्रिटिश सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. महार समाजातल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, तेव्हा आपल्या लोकांच्या जुन्या लष्करी चाकरीचा दाखला त्यांना द्यावा लागला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला गेले. ज्यांना गावात पाण्याला शिवू देत नव्हते, त्यांची नावे तिथे दगडावर होती. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर तोच स्तंभ आला.

कंपनीच्या कारकुनाने ती यादी दिली, तेव्हा शंभर वर्षांनी ती कोण वाचणार आणि कशासाठी, हे त्याच्या स्वप्नातही नसणार. तिथे नुसता ४९ हा आकडा कोरला असता, तर त्या आकड्यातून कोणालाच काही वाचता आले नसते.

पहिल्या महायुद्धात नेमके तेच झाले.

सातारा, पुणे, रत्नागिरी, अहिल्यानगर या भागांतल्या कित्येक गावांत चावडीच्या, जुन्या शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी बसवलेली सापडते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ती दिली. तिच्यावर गावाचे नाव, १९१४ ते १९१९ ही वर्षे आणि दोन आकडे असतात. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. एवढ्यावर मजकूर संपतो. कुठे पाटीवरून रंगाचे दोन हात फिरले आहेत, कुठे तिच्यावर सूचनाफलक टांगला आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, ज्याला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, हा दुसरा आकडा ४६ आहे. एका गावचे ४६ जण गेले आणि दगडाने त्यांची बेरीज तेवढी ठेवली.

हे लोक मेले कुठे? बरेचसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिकडे गेलेल्या सहाव्या फौजेचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवर माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावात अडकली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले तसे तोफगाड्यांचे आणि रिसाल्याचे घोडे मारून खायची वेळ आली. धर्माच्या धाकाने बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडात घेतले नाही आणि उपासमारीने ते खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण आली तेव्हा सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतली हजारो मेली.

या युद्धातल्या मृतांसाठी ब्रिटनने १९१७ मध्ये साम्राज्याचा युद्धसमाधी आयोग स्थापन केला. त्याचे तत्त्व त्या काळाच्या मानाने धाडसी होते: हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताला सारखाच मान. सरदाराला मोठा चौथरा आणि शिपायाला मातीचा ढिगारा, असे चालणार नव्हते. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानात हे तत्त्व डोळ्यांनी पाहता येते. सगळे दगड एका मापाचे. दगडावर पलटणीचे चिन्ह, शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय आणि खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या बाबतीत त्या ओळीला जास्तीत जास्त ६६ अक्षरांची मुभा होती. दगडाच्या पायाशी फुलझाडे लावलेली असतात. पावसात माती उडून नाव मळू नये, हाही त्यामागचा एक हेतू. परमुलखात, वीस-बावीस वर्षांच्या वयात मेलेल्या पोराची इतकी काळजी पाहून कोणालाही भरून यावे.

हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र हे तत्त्व ठिकाण पाहून पाळले गेले. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथे १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचे देखणे स्मारक उघडले. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक सैनिकांची आणि मजुरांची नावे तिथे कोरलेली आहेत. तिथे युरोपातले लोक येणार होते. बसऱ्याला कोण येणार? तिथल्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद झाली, पण ब्रिटिशांची नावे हुद्द्याचा भेद न करता आली आणि हिंदींपैकी फक्त अधिकाऱ्यांची. शिपायांचे पलटणीवार आकडे दिले गेले. म्हणजे पुन्हा मोती आणि मोहरा नावानिशी, खुर्दा आकड्यात. पुढे सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ मध्ये ते अख्खे स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवले गेले.

या पक्षपाताची जाहीर कबुली यायला शंभर वर्षे लागली. ब्रिटिश खासदार डेव्हिड लॅमी यांच्या २०१९ मधल्या माहितीपटानंतर आयोगाने चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये आला. भारतीय, आफ्रिकी, इजिप्ती अशा ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद असमान रीतीने झाली, असे त्यात म्हटले आहे. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावे कुठेच लागली नाहीत, किंवा त्यांची दखलच घेतली गेली नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडे ती एक दिवसाची बातमी झाली.

इथे एक जुना आक्षेप निघतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. हे लोक साम्राज्याच्या पगारावर लढले, ते देशासाठी मेले नाहीत, मग त्यांची आठवण कशाला? पण भरतीला उभे राहिलेल्या पोराच्या मागे बहुधा कोरडवाहू जमीन होती, सावकाराचे देणे होते, नाहीतर सुभेदार होऊन पेन्शनीत आलेला चुलता होता. त्याच्या मरणाचे समर्थन करा असे कोणी म्हणत नाही. नाव लिहिणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. साम्राज्याने त्याला आकडा केले, ते चालूच ठेवले तर त्यात साम्राज्याचे काही बिघडत नाही.

नावाची चाड धरल्याची उदाहरणेही आहेत. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या जुन्या वसतिगृहात युद्धात बुडालेल्या दर्यावर्दींचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून अधिक खलाशी तिथे नोंदलेले आहेत. दुसऱ्या युद्धातल्या सुमारे साडेसहा हजारांच्या नावांचे एक पुस्तक तिथे आणि त्याचीच दुसरी प्रत चितगावला ठेवली आहे. बॉयलरमध्ये कोळसा ओढणारे आगवाले, सारंग, टंडेल, भंडारी अशी ही माणसे. पाणतीर लागला की तळाशी काम करणाऱ्याला वर यायला वेळच मिळत नसे. लाखोंचे शहर रोज शेजारून जाते आणि आत काय आहे याचा त्याला पत्ता नसतो.

माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जायबंदी झाले होते. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले आणि गोळ्या भरायला उसंत मिळेना तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी सापडलेली नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. परक्या मुलखातल्या एका छोट्या गावाला जवळजवळ ८० वर्षांनी हे सुचले, याचा आनंद मानावा. पण त्याच मोहिमेत भारताचे साडेपाच हजारांहून अधिक सैनिक मेले. घाडगे मोहर ठरले म्हणून आपल्याला ठाऊक आहेत.

स्वतंत्र भारताने या बाबतीत उशिरा का होईना, बरोबर पाऊल टाकले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. त्याच्या त्याग चक्रात १९४७ नंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक मृतांपैकी प्रत्येकाच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी आहे. तिथे शिपाई आणि अधिकारी एकाच मापाचे. १९४७ पूर्वीचे या वर्तुळात येत नाहीत. त्यांतल्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्यांसाठी इंडिया गेट आहे, आणि सत्तर हजार मृतांसाठी बांधलेल्या त्या कमानीवर नावे मात्र तेरा हजारांच्या आसपास आहेत.

म्हणून उरलेले काम गावांनाच करावे लागेल, आणि ते वाटते तेवढे अवघड नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (साम्राज्याच्या त्याच आयोगाचे हे आजचे नाव) नोंदी आता संगणकावर कोणालाही फुकट पाहता येतात. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. पंजाबच्या सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या आणि परदेशी स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांना आपले पणजोबा त्यांत सापडले. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. एकाच आडनावाची चार इंग्रजी स्पेलिंगे, गावाच्या नावाची मोडतोड, कुलाब्याचा झालेला रायगड, रत्नागिरीतून निघालेला सिंधुदुर्ग. हा गुंता लंडनच्या कारकुनाला सुटणार नाही. तो तलाठ्याला, पोलीस पाटलाला, गावच्या भाटाला किंवा भावकीतल्या एखाद्या आजीला सुटेल.

ज्यांच्या गावात ती संगमरवरी पाटी आहे त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढा एकच विषय घ्यावा. पाटीवरचा दुसरा आकडा वाचावा, हायस्कूलच्या मुलांना शोधाला लावावे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची आणि माजी सैनिकांची मदत घ्यावी. जेवढी नावे सापडतील तेवढी मराठीत कोरून जुन्या पाटीच्या शेजारी लावावीत. जुनी पाटी काढू नये. जी नावे सापडणार नाहीत त्यांच्यासाठी नव्या दगडावर जागा मोकळी ठेवावी.

— पांथस्थ