खोली नाकारली, तक्रार द्यायची का?



खोली बघायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा असतो. भाडं किती, पाणी किती वेळ येतं, हे मागाहून. आडनावावरून उमगलं नाही तर गाव विचारतात, गावात घर कुठल्या अंगाला ते विचारतात, आणि मग ती खोली नेमकी कालच दिलेली निघते. आमच्या सूतगिरणीत रिंग खात्यातल्या एका दलित सोबत्याचं हेच झालं. मालक मराठी, सोबतीही मराठी. घेतलेलं आगाऊ भाडं मालकानं परत केलं, म्हणे वरच्या मजल्यावरच्या लोकांची हरकत आहे. वरचा मजला रिकामा होता!

आता युनियनच्या कचेरीत वाद चालला आहे. कांही सोबती म्हणतात, मराठी माणसाचं भांडण पोलिसांत नेऊ नका, फूट पडेल. आम्ही विचारतो, फूट पाडली कोणी? सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ती महाराष्ट्रीय म्हणून कचेरीसाठी जागा नाकारली, तेव्हा आपण सारे खवळलो. खवळायलाच हवं होतं. मग आपल्याच आळीतल्या दाराशी तोंडाला कुलूप कशाला? अमेरिकेत शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात कुणी खोली दिली नाही. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. आणि गिरण्यांचं काय होतं? धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागतो म्हणून मुंबईच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला, तेव्हाही 'फूट पडेल' म्हणणारे होतेच.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्यात अस्पृश्यतेपायी कुणाला राहत्या जागेपासून अडवणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद, शिवाय दंड. त्यात मोठी गोष्ट अशी, की नाकारलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कारण अस्पृश्यताच, असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे मालकानं सिद्ध करायचं. तेव्हा 'पुरावा कुठाय?' म्हणून कोणी पोलीस परत पाठवू लागला तर परत फिरू नका.

भाषेवरून किंवा मटण-मासळीवरून खोली नाकारली तर मात्र असा धारेचा कायदा हातात नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम मान्य केला. तिथे नवा कायदा मागावा लागेल, आणि तो मागताना मुसलमान कामगाराचं नाव वगळून चालणार नाही. घर शोधताना त्याची फरफट आपल्यापेक्षा कमी नाही.

आमचं मत तक्रार द्यावी, असंच आहे. पण कचेरीत बसून 'लढ रे' म्हणणं सोपं असतं. त्याची बायको, दोन पोरं मेहुण्याच्या एका खोलीत दाटीवाटीनं आहेत. तक्रार दिली की आळीतले बाकीचे मालकही दार लावून घेतील, ही त्याची भीती खोटी नाही. खबर कोणीही देऊ शकतो, पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभं त्यालाच राहावं लागेल, तारखेला पाळी त्याचीच बुडेल. म्हणून निर्णय त्याचा. त्याच्यावर कोणी दबाव आणू नये, इकडचा नको आणि तिकडचा तर मुळीच नको.

आपलं काम वेगळं आहे. मालक काय बोलला ते तारखेसकट आजच लिहून काढायचं. मोबाईलवरचे निरोप पुसायचे नाहीत. आगाऊ भाडं देताना जो सोबत होता त्यानं साक्षीला मागे सरायचं नाही. ठाण्यावर पाचजणांनी सोबत जायचं, आणि बुडालेल्या पाळीचा पगार वर्गणीतून भरून द्यायचा.

आणि सगळ्यात आधी, तीन हजारांच्या आत रिकामी खोली कुणाला ठाऊक असेल तर पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीत येऊन सांगावं. स्वतःची असेल तर आणखी बरं.