वाकलेली शीट आणि मिस्त्रीची मजुरी

दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून एक-दोन पावसाळे काढलेली सनमायकाची शीट कमानीसारखी वाकते. घरमालक ती बघतो आणि म्हणतो, "ही फेका, नवी आणा." माझे मत उलट आहे. अशी शीट बहुधा टाकाऊ नसते. ती वापरायला वेळ लागतो आणि त्या वेळेची मजुरी द्यायला आपण तयार नसतो.

सनमायका हे मुळात एका ब्रँडचे नाव. आता सगळ्याच लॅमिनेटला आपण तेच म्हणतो. नावात 'मायका' असला तरी त्यात अभ्रक नसतो, असतो तो कागद. जाड तपकिरी कागदाचे थर फिनॉलच्या राळेत आणि वरचा नक्षीचा कागद मेलामाइनच्या राळेत भिजवून, उष्णता व दाब देऊन ते एकजीव केलेले असतात. कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, पण शीटच्या दोन्ही बाजू तो सारखा घेत नाहीत. म्हणून ती वाकते.

ती सरळ करायला जोर कामाचा नाही. उलट्या बाजूने दाबली तर जुनी शीट तडकते. ही राळ एकदा कडक झाली की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे तापवूनही ती कायमची सरळ होत नाही. जाणता मिस्त्री ती प्लायसोबत त्याच खोलीत आडवी ठेवतो, वर वजन ठेवतो आणि दोन दिवस थांबतो. मग 'एसआर' दोन्हीकडे लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाट बघून, मधून कडेकडे दाबत बसवतो. पांढऱ्या फेव्हिकॉलने लावायची तर रात्रभर वजन हवेच.

रंग उडालेल्या जुन्या शीटचा आणखी एक चांगला उपयोग आहे. प्लायच्या एकाच बाजूला सनमायका लावला की पुढेमागे फळीच वाकते. पाठीमागेही तेवढ्याच जाडीची शीट, लांबीला लांबी जुळवून लावली तर ओढ दोन्हीकडून सारखी राहते. आपण मात्र "आतून कोण बघतंय" म्हणत तेवढे पैसे वाचवतो आणि वर्षभराने दार वाकले की मिस्त्रीला बोल लावतो.

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारापासून गावाकडच्या छोट्या वखारीपर्यंत आपल्यातले कितीतरी कारागीर या धंद्यावर घर चालवतात. काम बहुतेक ठेक्याने, चौरस फुटाच्या भावाने. त्या भावात थांबण्याचे दोन दिवस धरलेले नसतात. मग घाई होते, कडा सुटतात आणि बदनाम होतो तो कारागिराचा हुनर.

दुसरी बाजूही सांगायला हवी. थर सुटलेली किंवा तडे गेलेली शीट वापरू नये. गिऱ्हाइकाला न सांगता जुनी शीट दर्शनी बाजूला लावणे ही फसवणूकच आहे. उरलेले तुकडे चुलीत जाळू नयेत. त्या धुराने अपाय होतो. ते वितळवून नवी वस्तूही करता येत नाही. म्हणूनच जे वापरता येते ते वापरलेच पाहिजे.

तेव्हा भाव ठरवताना मिस्त्रीला एवढे विचारा: पाठीला शीट लावणार का, आणि थांबण्याचे किती घेणार? नव्या शीटला जे पैसे लागले असते, त्यातले काही त्याच्या हातात पडले तर बिघडले कुठे?